काकडीच्या माळावर विमान उतरतं, त्याआधी

नव्या विमानतळाची बातमी आली की सोबत चित्र येतं ते इमारतीचं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी शिर्डी विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. खर्च 645 कोटींहून अधिक सांगितला गेला, आणि इमारतीची कल्पना साईबाबांच्या कडुनिंबावर बेतली आहे असंही जाहीर झालं. चित्रं मोबाइलवर फिरली. कोकणात चिपीच्या वेळी आणि गोव्यात मोपाच्या वेळीही असंच झालं होतं. चित्र फिरलं की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात, हॉटेलवाले मजले वाढवायचा हिशेब मांडतात, आणि तालुक्यातला प्रत्येक एजंट ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ असे प्लॉट विकायला निघतो.

पण विमानतळाच्या सगळ्या खटाटोपात इमारत हा सर्वांत सोपा भाग आहे. वेळ पडली तर मांडव घालूनही प्रवाशांना विमानात बसवता येईल, धावपट्टीला मात्र असा तात्पुरता पर्याय नसतो. तिथे विमान उतरेल की नाही, कुठलं उतरेल, किती माणसं घेऊन उडेल आणि वर्षातले किती दिवस येईल, हे वारा, उंची, ऊन, प्रकाश आणि पैसा ठरवतात. यातलं काहीही त्या चित्रात दिसत नाही. केंद्र सरकारच्या 2008 च्या धोरणानुसार ज्या नव्या विमानतळांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, त्या यादीत शिर्डी, सिंधुदुर्ग (म्हणजे चिपी), नवी मुंबई आणि मोपा ही नावं एकत्रच होती. त्यातला शिर्डीचा कोरड्या माळावरचा, चिपी आणि मोपा समुद्रकाठच्या पर्यटनासाठीचे. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विमानतळाचं उदाहरण हाताशी धरू आणि गरज पडेल तिथे कोकणात डोकावू.

शिर्डी विमानतळ शिर्डीत नाही, हे बाहेरगावच्या साईभक्ताला उतरल्यावरच कळतं. तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी, मंदिरापासून साधारण चौदा-पंधरा किलोमीटरवर. शिर्डी, राहाता, कोपरगाव हा पट्टा गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला आहे. ऊस, पेरूच्या बागा, दाट वस्ती, महागडी जमीन. तिथे तीन किलोमीटरची सरळ सपाट पट्टी मोकळी मिळणं अवघड. शिवाय काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. सत्तर-पंचाहत्तर टनांचं विमान तासाला दोन-अडीचशे किलोमीटर वेगानं टेकतं तेव्हा खालची माती हलून चालत नाही. काळी जमीन असेल तर ती खोलवर उकरून काढायची, मुरूम भरायचा, थराथरानं दाबायचा, मग खडी आणि डांबर. खर्च तिथेच फुगतो. काकडीचा भाग उंचावरचा, जिरायती. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर टँकर. अशा माळावर जमीन स्वस्त असते आणि विरोधही तुलनेनं कमी होतो, हे दुसरं कारण कागदावर कोणी लिहीत नाही.

कोकणातही हाच न्याय. तिथे सपाट जागा दोनच ठिकाणी सापडते. खाली खाडीकाठच्या भातखाचरांत, नाही तर वर जांभ्या दगडाच्या सड्यावर. चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळच्या सड्यावर आहे, मोपाचा पेडणे तालुक्यातल्या पठारावर. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुतेक पोटखराबा किंवा पडीक म्हणून दिसते. प्रत्यक्षात तिथे गुरं चरतात, पावसाळ्यात पाणी मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरी त्यावर जगतात. मोपाच्या पठारावरच्या धनगर कुटुंबांना तर घरंच सोडावी लागली. तेव्हा ‘पडीक’ हा शेरा महसुलाच्या सोयीचा असतो, तिथल्या माणसांच्या सोयीचा असतोच असं नाही.

जागा डोळ्यापुढे आली की वाऱ्याचा अभ्यास सुरू होतो. विमानाला उडताना आणि उतरताना समोरून वारा लागतो. बाजूनं जोराचा वारा आला तर विमान पट्टीवरून ढकललं जातं. त्यामुळे हवामान खात्याकडून त्या भागातल्या वाऱ्याच्या दिशेची आणि वेगाची बऱ्याच वर्षांची आकडेवारी घेतात आणि ती एका चक्राकार नकाशावर मांडतात. आंतरराष्ट्रीय संकेत असा, की धावपट्टी ज्या दिशेनं आखाल त्या दिशेत किमान 95 टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहिला पाहिजे. मोठ्या विमानांसाठी ही मर्यादा 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, हिवाळ्यात बहुतेक पूर्वेचा. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पुष्कळ धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत. काकडीचीही तशीच.

पट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात रंगवलेले मोठे आकडे तुम्ही खिडकीतून पाहिले असतील. ते पट्टीचा अनुक्रमांक नसून होकायंत्रावरची दिशा असते, शेवटचं शून्य गाळलेली. काकडीच्या पश्चिम टोकाला 09 आहे, म्हणजे 90 अंश, तोंड पूर्वेला. पूर्व टोकाला 27, म्हणजे 270 अंश, तोंड पश्चिमेला. तुमचं विमान 27 आकड्यावरून उतरलं तर त्या वेळी वारा बहुधा पश्चिमेचा आहे, असं समजावं.

आता लांबी. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या विमानतळांच्या राजकारणाचं मूळ या एका आकड्यात असतं. काकडीची धावपट्टी 2500 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद आहे. चिपीचीही 2500 मीटरच. वरवर पाहता दोन्ही सारख्या, पण तशा नाहीत.

विमान उडवायला लागते हवा, आणि ती दाट हवी. पंखाखालून जितकी दाट हवा वाहील तितकी उचल जास्त आणि इंजिनाचा जोरही जास्त. उंचीवर हवा विरळ होते आणि उन्हातही विरळ होते. म्हणून प्रत्येक विमानाची धावपट्टीची मूळ गरज समुद्रसपाटीला, 15 अंश सेल्सिअस तापमानाला, वारा नसताना आणि सपाट पट्टीवर मोजतात. मग प्रत्यक्ष जागेनुसार ती वाढवतात. ढोबळ नियम असा: दर 300 मीटर उंचीला 7 टक्के वाढ, आणि त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानाच्या वर प्रत्येक अंशाला 1 टक्का वाढ. पट्टीला चढ असेल तर आणखी.

समजा एखाद्या विमानाची मूळ गरज 2000 मीटर आहे. काकडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच धरू. दोनदा 7 टक्के, म्हणजे 14. लांबी झाली 2280 मीटर. 600 मीटरवरचं प्रमाण तापमान येतं 11 अंश. मे महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान 39 धरलं तर फरक 28 अंशांचा, म्हणजे 28 टक्के. 2280 वर ते चढवलं की 2900 मीटरच्या पुढे जातं. आता हेच विमान चिपीला नेऊ. उंची 60 मीटर धरली तर वाढ दीड टक्का सुद्धा नाही. समुद्राच्या शेजारामुळे कमाल तापमान 33 च्या आसपास, फरक साधारण 18 अंश. उत्तर येतं सुमारे 2400 मीटर. म्हणजे तेच विमान, तेवढीच माणसं, आणि नगरच्या उन्हात त्याला कोकणापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त जागा हवी. प्रत्यक्षात कंपन्या प्रत्येक विमानाच्या तक्त्यांवरून अचूक हिशेब करतात, पण दिशा हीच.

मग 2500 मीटरवर काम कसं चालतं? वजन कमी करून. लांबी अपुरी पडली की वैमानिकाला इंधन, सामान किंवा प्रवासी यांपैकी काहीतरी घटवावं लागतं. जवळच्या हैदराबादला जायचं तर इंधन थोडं लागतं, भागून जातं. दिल्लीला जायचं तर मे महिन्याच्या दुपारी काही खुर्च्या रिकाम्या ठेवायची पाळी येऊ शकते, आणि रिकामी खुर्ची म्हणजे कंपनीचा थेट तोटा. आखाती देशांत जाणारं भरलेलं विमान तर या पट्टीवरून अवघडच. म्हणूनच शिर्डीची धावपट्टी 3200 मीटर करण्याची योजना आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द नावात लावायला एक निर्णय पुरतो. तो खरा करायला ही 700 मीटर लागतात, आणि त्यासाठीची जमीनही.

पट्टी संपली म्हणजे विमानतळ संपला असं नाही. टोकांच्या पुढे मोकळी, दाबलेली सुरक्षित जागा ठेवावी लागते, कारण कधीतरी विमान पुढे घसरतंच. शिर्डीत 29 एप्रिल 2019 रोजी दिल्लीहून आलेलं विमान पट्टीच्या टोकापुढे गेलं होतं. माळ सपाट असल्यानं ते मातीत रुतलं. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला पठारावरच्या पट्टीवरून विमान घसरलं तेव्हा पुढे दरी होती. सड्यावर आणि डोंगरमाथ्यावर विमानतळ बांधताना हा फरक विसरून चालत नाही. कोकणातल्या कुठल्याही नव्या जागेबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारेन: टोकाच्या पुढे काय आहे?

जमिनीएवढाच महत्त्वाचा भाग आकाशातला, आणि हा भाग गावकऱ्यांना सगळ्यात उशिरा कळतो. विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं खाली येतं. त्या वाटेखाली काहीही उंच असू नये म्हणून पट्टीच्या टोकांपासून एक अदृश्य उतरतं छप्पर कल्पिलेलं असतं. उपकरणांच्या मदतीनं विमान उतरवायचं असेल तर सुरुवातीच्या 3 किलोमीटरसाठी त्याचा उतार 50 ला 1 असतो. म्हणजे पट्टीच्या संरक्षित भागापासून दीड किलोमीटरवर तुमचं शेत असेल आणि जमीन समपातळीत असेल, तर तिथे 30 मीटरपेक्षा उंच काही उभं करता येत नाही. चाळीस मीटरचा मोबाइल टॉवर गेला. याशिवाय विमानतळाभोवती सुमारे 4 किलोमीटर परिघात 45 मीटर उंचीचं आडवं छप्पर असतं. पुढेही वीसेक किलोमीटरपर्यंत उंच बांधकामाला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागू शकतो. साखर कारखान्याची चिमणी, पवनचक्की, विजेचे मनोरे, दहा मजली हॉटेल, सगळं यात येतं. शिर्डीत भक्तनिवासाचे मजले वाढवू पाहणाऱ्यानं आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे उंच रिसॉर्टची स्वप्नं पाहणाऱ्यानं प्लॉट घेण्याआधी कुठे किती उंच बांधता येईल हे दाखवणारा रंगीत उंची-नकाशा पाहावा. त्याच्याच जोडीला कचऱ्याचा नियम. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं किंवा जनावरं कापून अवशेष फेकणं यावर बंदी आहे. घारी आणि कावळे तिथे जमतात आणि एक घार इंजिनात गेली तरी विमान परत फिरवावं लागतं. पर्यटनाच्या गावांत कचरा वाढतच जातो, त्यामुळे हा नियम कागदावर सोपा आणि गावात अवघड.

परवानग्यांचं जंगल मोठं आहे, पण वाट एकच. आधी जागेची मंजुरी, मग तत्त्वतः मंजुरी, मग पर्यावरण, मग बांधकाम, आणि शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना. जागेच्या टप्प्यावर संरक्षण खात्याची संमती कळीची असते, कारण आपलं बरंचसं आकाश हवाई दलाच्या वापरात आहे. 2008 च्या धोरणातली आणखी एक अट म्हणजे 150 किलोमीटरची. सध्याच्या नागरी विमानतळापासून एवढ्या हवाई अंतराच्या आत नवा विमानतळ हवा असेल तर जुन्यावर काय परिणाम होईल हे तपासावं लागतं. काकडीपासून नाशिकचं ओझर, छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा आणि पुण्याचं लोहगाव, तिन्ही या परिघात येतात. तरी मंजुरी मिळाली. मोपा गोव्यातल्या जुन्या दाबोळी विमानतळाच्या जवळ, चिपी मोपापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर. तिथेही मिळाली. म्हणजे ही अट दार बंद करत नाही, फक्त दारात थांबवून विचारते.

पर्यावरणाचं दार मात्र कधी कधी खरोखर बंद होतं. मोपाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं 29 मार्च 2019 रोजी स्थगित ठेवली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला सांगितलं. अर्जात जंगल, पाणी आणि परिसराची माहिती पुरेशी दिलेली नव्हती, हा मुद्दा होता. जास्तीच्या अटी घालून जानेवारी 2020 मध्ये ती स्थगिती उठली. काही महिन्यांचं काम थांबलं, पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक विमानतळाचा अहवाल जरा जास्त काळजीनं लिहिला जाऊ लागला असेल, तर ते महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही.

सर्वांत शेवटचा परवाना मिळायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. चिपीला सप्टेंबर 2018 मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, चाचणीचं छोटं विमान उतरलं. लोकांना वाटलं आता झालंच. प्रवासी सेवा सुरू झाली 9 ऑक्टोबर 2021 रोजी, तीन वर्षांनी. शिर्डीचं नशीब त्या मानानं बरं. साईबाबांच्या समाधीची शताब्दी तोंडावर आली होती आणि तारीख चुकवून चालणार नव्हती. 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे त्याची मालकी आहे.

परवान्यासाठी काय काय तपासतात याचा एक नमुना म्हणून आगीचे बंब घेऊ. विमानाच्या लांबीवरून विमानतळाचा अग्निशमन वर्ग ठरतो. बहात्तर आसनी एटीआर सुमारे 27 मीटर लांब, त्याला पाचवा वर्ग पुरतो. एअरबस ए-320 साडेसदतीस मीटरचं, त्याला सहावा. त्याचाच थोरला भाऊ ए-321 साडेचव्वेचाळीस मीटरचा, त्याला सातवा. सहाव्या वर्गाला फेसासाठी 7900 लिटर पाणी गाड्यांवर तयार लागतं, सातव्याला 12100 लिटर. गाडी पट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचून फेस मारू लागली पाहिजे. दिवसात दोन विमानं येवोत की वीस, ही माणसं आणि या गाड्या विमानाच्या वेळी हजर हव्यातच. हेच सुरक्षा दलाचं, हेच हवाई नियंत्रण मनोऱ्याचं.

शिर्डीला सर्वांत जास्त त्रास झाला तो मात्र दिसण्याचा. सुरुवातीची वर्षं इथे वैमानिक डोळ्यांवर भरवसा ठेवून विमान उतरवत. अशा उतरणीला किमान 5000 मीटर दृश्यमानता लागते. पावसाळा सरला, थंडी पडू लागली की सकाळी माळावर धुकट पसरतं आणि पाच किलोमीटर दिसेनासं होतं. नोव्हेंबर 2019 च्या मध्यापासून जवळपास महिनाभर शिर्डीची विमानसेवा याच कारणानं बंद राहिली. पट्टी होती, इमारत होती, प्रवासी तिकिटं काढून बसले होते, आणि विमान नव्हतं. हॉटेलवाल्यांना तेव्हा कळलं की विमानतळ असणं आणि विमान येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरचा इलाज म्हणजे दिवे आणि रेडिओ उपकरणं. पट्टीच्या कडेचे, टोकांचे आणि उतरणीच्या वाटेवरचे दिवे, दिशा आणि अंतर सांगणारी यंत्रणा, आणि तिच्या आधारे आखलेली, प्रत्यक्ष उडून तपासलेली उतरण्याची पद्धत. त्यातला एक दिवा तुम्हालाही ओळखता येईल. पट्टीच्या बाजूला, सुरुवातीपासून काही अंतरावर, आडव्या ओळीत चार दिवे असतात. वैमानिकाला त्यातले दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे विमान फार वर आहे, चारही लाल म्हणजे फार खाली. रात्री विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यानं जाताना जमिनीवरच्या माणसाला ते लालच दिसतात, कारण तो त्या उताराच्या खाली उभा असतो. शिर्डीला रात्रीच्या उतरणीची परवानगी 2023 मध्ये मिळाली, आणि रात्रीची नियमित सेवा सुरू व्हायला 30 मार्च 2025 चा गुढीपाडवा उजाडला. पहिलं विमान आलं हैदराबादहून. रात्री उतरायचं, थोडं टेकायचं आणि पहाटेची काकड आरती गाठायची, ही भक्तांची जुनी मागणी होती.

हैदराबाद हे नाव सहज आलेलं नाही. नवा विमानतळ आखताना सगळे मुंबईकडे पाहतात. शिर्डीतही पहिली सेवा मुंबईचीच होती. पण मुंबईकराला शिर्डीला यायला पर्याय भरपूर. साईनगर शिर्डीपर्यंत रेल्वे 2009 पासून आहे, फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईहून वंदे भारत सुरू झाली, आणि समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला. विमानतळावर तासभर आधी जायचं, उतरल्यावर काकडीहून टॅक्सी करायची, एवढ्यात मोटारीनं बराच रस्ता संपलेला असतो. याउलट हैदराबाद, चेन्नई, बंगळूरचा साईभक्त. तिकडे साईबाबांची भक्ती घराघरांत आहे आणि रेल्वेनं यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. शिर्डीचा विमानतळ तगला तो या माणसांवर. जिल्ह्यात 2014 मध्ये जुहूहून थेट मुळा धरणाच्या पाण्यावर उतरणारं छोटं विमानही सुरू करून झालं होतं. कल्पना गोड होती, पण तेवढ्या पैशात तेवढी माणसं मिळाली नाहीत आणि ते काही रुजलं नाही.

प्रवासी आधी की विमान आधी, हा पेच सोडवायला केंद्रानं ऑक्टोबर 2016 मध्ये उडान योजना जाहीर केली. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचं भाडं सुरुवातीला 2500 रुपयांपर्यंत बांधून दिलं आणि कंपनीचा तोटा सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा. चिपीची मुंबई सेवा याच योजनेतली. तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर 2024 मध्ये संपली आणि ती सेवा थांबली. सिंधुदुर्ग 1997 पासून देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून मिरवतो आणि किनारा दर हंगामात भरतो. तरीही मुंबईचं विमान अनुदानाशिवाय टिकलं नाही, कारण 5 जानेवारी 2023 पासून मोपावरून मोठी विमानं उडू लागली होती. तारकर्लीला जाणारा पर्यटक मोपाला उतरून टॅक्सी करतो. मोपाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं, त्याच दिवशी पंतप्रधानांनी नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्गही खुला केला. एका दिवसात चिपीला आणि शिर्डीला दोघांनाही स्पर्धक मिळाला. शिर्डीनं तो पचवला, कारण तिचा प्रवासी रस्त्यानं येणारा नव्हता.

आकडा असा मांडता येतो. 180 आसनांचं विमान, 80 टक्के भरलेलं, रोज चार वेळा येऊन गेलं तर दिवसाला सुमारे साडेअकराशे प्रवासी, वर्षाला सव्वाचार लाखांच्या आत. एवढ्यांच्या शुल्कातून आगीचे बंब, सुरक्षा, दिवे, देखभाल आणि बांधकामाचं कर्ज भागवायचं. जगभरातले छोटे विमानतळ यात मार खातात. म्हणून दुकानं, पार्किंग, आणि शिर्डीच्या बाबतीत मालवाहतूक. राहात्याचे पेरू, संगमनेरची डाळिंबं आणि फुलं विमानानं पाठवायची कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी शीतगृह आणि रोजचं ठरल्या वेळेचं विमान दोन्ही हवं. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ जवळ आल्यानं विस्ताराला सध्या घाई आहे. सिंहस्थ सरल्यावरच्या सोमवारी किती विमानं येतील, हा त्या मानानं मोठा प्रश्न.

आणि काकडी? गावानं जमीन दिली. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाला 1 ते 2 चा गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, त्यामुळे आज विस्तारासाठी जमीन देणाऱ्याला आधी दिलेल्यापेक्षा वेगळा हिशेब मिळू शकतो. बांधाला बांध असलेल्या दोन भावकींत यावरून काय बोललं जात असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. मालमत्ता कराच्या काही कोटींच्या थकबाकीसाठी काकडी ग्रामपंचायतीनं विमानतळामागे लावलेला तगादा 2025 च्या सुरुवातीला बातम्यांत आला. पाण्याचंही तसंच. निळवंडे धरणाचा विचार 1970 पासूनचा, काकडी त्याच्या लाभक्षेत्रातलं गाव. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 रोजी, आणि त्या दिवशीची पंतप्रधानांची सभा काकडीलाच होती. म्हणजे या माळावर विमान 2017 साली उतरलं आणि कालव्याची वेळ त्यानंतर सहा वर्षांनी आली.

तुमच्या भागात, मग तो किनाऱ्यावरचा सडा असो की आपल्याकडचा माळ, नव्या विमानतळाची चर्चा सुरू झाली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो. तो मागून घ्या. त्यात धावपट्टीची लांबी, टोकापुढची जागा, उंचीचे निर्बंध आणि पाण्याचे स्रोत शोधा, आणि प्रश्न लेखी द्या. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं. मात्र सुनावणीला किती लोक हजर असावेत याची कुठलीही अट नाही. दहा माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं.